जंतू तोंडभर असतात, मग पायरिया ठरावीक दातांनाच का?

वाळवा तालुक्यातून एका मुलीने आपल्या आईबद्दल विचारलंय. आईंचं वय ५४. दोन वर्षं झाली, हिरड्यांतून रक्त येतं, तोंडाला वास येतो, खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत आणि उजवीकडच्या वरच्या कॅप बसवलेल्या दाढेभोवती सारखी सूज असते. दोनदा दात साफ करून झाले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, माउथवॉश रोजचाच आहे. प्रत्येक वेळी दोन-तीन महिने बरे जातात आणि मग पुन्हा तेच, तेही त्याच जागी. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, साखर ‘बॉर्डरवर’ आहे. घरात सगळे एकच पेस्ट वापरतात, तरी वडिलांना काही त्रास नाही. तिचे प्रश्न दोन: हे जंतू एकदाचे मारून टाकता येत नाहीत का? आणि ते परत त्याच दातांवर का येतात?

मी सांगलीत वीसेक वर्षं फक्त हिरड्यांचं काम करते. तुमचा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. जंतू त्याच दातांवर परत येतात, कारण तिथली जागा त्यांना हवी तशी आहे. ती जागा तशीच ठेवून जंतू मारत बसलो तर जन्मभर मारावे लागतील.

आधी ती जागा कशी असते ते सांगते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली एक ते तीन मिलिमीटर. पायरिया, म्हणजे हा हिरड्यांचा आजार, वाढला की हिरडी दातापासून सुटत जाते, खालचं हाड झिजतं आणि खाचेचं पॉकेट होतं, पाच, सहा, कधी आठ मिलिमीटर खोल. आमच्याकडे एक बारीक, गोल टोकाची सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा असतात. ती हिरडीच्या कडेने हलकेच आत सोडायची आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजायची. मी आकडे बोलते, सहायक लिहून घेते: तीन, दोन, तीन, तीन, दोन, सात. त्या सातला पेशंट दचकत नाही, पण सळई बाहेर येते तेव्हा तिच्यामागून रक्ताचा थेंब येतो. ब्रशचे केस हिरडीच्या खाली जेमतेम एक मिलिमीटर जातात. म्हणजे सात मिलिमीटरच्या पॉकेटमधले सहा मिलिमीटर कोणत्याही ब्रशच्या, कोणत्याही पेस्टच्या हाताबाहेर. गुळणीचं औषधही तिथपर्यंत पोचत नाही. आईंचा माउथवॉश वाया जातोय असं मी म्हणणार नाही, पण तो ओट्यावर फिरवलेल्या फडक्यासारखा आहे, घाण मोरीच्या नळीत आहे.

त्या खोलीत हवामान वेगळं असतं. जिभेवर, गालावर, दाताच्या उघड्या भागावर लाळ फिरते, हवा लागते. पॉकेटच्या तळाशी प्राणवायू जवळपास नसतोच. हिरड्यांच्या आजारातले मुख्य जंतू (पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया, ट्रेपोनेमा डेंटिकोला, नावं लक्षात ठेवायची गरज नाही) हे प्राणवायू सोसत नाहीत. निरोगी हिरड्यांच्या बऱ्याच माणसांच्या तोंडातही ते थोडेफार सापडतात, पण तिथे त्यांना वाढायला जागा नसते. खोल, अंधारी, बिनहवेची खाच मिळाली की मिळते.

दुसरी गोष्ट खाण्याची. इथे लोकांचा मोठा घोळ होतो, म्हणून जरा थांबते. आपला ऊसपट्टा. गळीत हंगामात माणसं मला विचारतात, ‘मॅडम, ऊस खाऊन हिरड्या बिघडल्या का?’ दाताला कीड लावणारे जंतू साखरेवर जगतात, साखरेपासून आम्ल करतात आणि आम्लात सुखाने राहतात. हिरड्यांचे जंतू याच्या उलटे. त्यांना साखरेशी फारसं देणंघेणं नाही. त्यांना लागतात प्रथिनं आणि लोह, आणि ते त्यांना आपल्या शरीरातूनच मिळतं. हिरडी सुजली की खाचेत एक पातळ द्रव जास्त झिरपायला लागतो, त्यात रक्तातली प्रथिनं असतात. हिरडीतून रक्त आलं की त्यातून हेमिन मिळतं, म्हणजे लोह आलं. जिंजिव्हॅलिस हा जंतू प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या थाळीवर वाढवला तर त्याच्या वसाहती काळ्या पडतात, कारण तो हेमिन आपल्या अंगावर साठवून ठेवतो. प्रथिनं मोडली की अमोनियासारखे पदार्थ तयार होतात आणि पॉकेटमधला द्रव आम्लाऐवजी अल्कलीकडे झुकतो, तेही याच मंडळींना मानवतं. अशा काळ्या वसाहती करणाऱ्या जंतूंचं मिश्रण प्रयोगशाळेत वाढवून पाहिलंय. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७.० असताना जिंजिव्हॅलिस एक टक्क्याहून कमी होता, तो ७.५ वर नेल्यावर नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर गेला. बाहेरून नवा जंतू कोणी घातला नव्हता. फक्त अर्ध्या पीएचचा फरक.

आता हे चक्र कसं फिरतं ते बघा. हिरडीच्या कडेला जंतूंचा मऊ थर साचतो, हिरडी सुजते. सूज आली की द्रव आणि रक्त सुटतं, ते या जंतूंचं खाणं. त्यांची संख्या वाढली की सूज आणखी वाढते, पॉकेट आणखी खोल जातं, प्राणवायू आणखी कमी होतो. सुजलेल्या पॉकेटचं तापमानही थोडं चढतं. आणि घरी काय होतं? रक्त येतं म्हणून बाई त्या जागी ब्रश लावायचं सोडते. नेमकं जिथे जास्त लागायला हवं तिथेच. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्या भेटीतच विचारते, ‘रक्त येतं तिथे ब्रश फिरवता का?’ बहुतेकदा उत्तर मान हलवूनच येतं.

चक्र उलटही फिरतं, हे मनापासून सांगते, कारण आई दोन वर्षांत थकल्या असतील. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यू यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि खाचेतल्या जंतूंची जातकुळीच बदलली. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. ती नुसती हिरडीची सूज होती, हाड गेलं नव्हतं, म्हणून इतक्या लवकर बरी झाली. आईंचं हाड काही ठिकाणी गेलेलं असणार, ते आपोआप परत येत नाही. पण सूज उतरवणं, पॉकेट उथळ करणं, आजार आहे तिथे थांबवणं हे होतं.

आता त्यांच्या दोन जागा एकेक करून बघू.

खालचे पुढचे दात. जिभेच्या खाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं आहेत, ती बरोबर या दातांच्या आतल्या बाजूला उघडतात. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सगळ्यांत आधी इथे बसतं. साचलेला मऊ थर दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला लागतो, आणि त्याचं किटण होतं. किटण स्वतः फार विषारी नाही, पण त्याचा पृष्ठभाग पमीस दगडासारखा खडबडीत असतो, आणि त्यावर जिवंत थर घट्ट बसून राहतो. ब्रश त्यावरून घसरतो. शिवाय हे दात लहान, मुळं निमुळती, बाहेरच्या बाजूचं हाड मुळातच पातळ, म्हणून थोडं हाड गेलं तरी दात हलायला लागतो. इथे रांगेतले दात एकमेकांवर चढलेले असतील तर आणखी अवघड. आईंचे तसे आहेत का ते आरशात बघा.

उजवीकडची वरची दाढ. वरच्या दाढांसमोर गालात लाळेची दुसरी मोठी नळी उघडते, म्हणून तिथे बाहेरच्या बाजूला किटण धरतं. पण नुसतं तेवढ्याने एकाच दाढेला सारखी सूज येत नाही. अशा वेळी मी तीन गोष्टी शोधते.

एक, कॅप किंवा जुनं सिमेंट. एक उदाहरण सांगते. तासगावकडच्या एक बाई, बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या, वरच्या दाढेवर कॅप. चार वेळा सफाई झालेली, दर वेळी सूज परत. मी सळई कॅपच्या कडेवरून खाली सरकवली तर ती अडली. नीट बसलेल्या कॅपवर सळई सरळ घसरत जाते. इथे कॅपची कड दातापासून बाहेर, एखाद्या घराच्या छज्जासारखी, हिरडीच्या खाली. छज्जाखाली पाऊस पोचत नाही तसा ब्रश पोचत नव्हता. १९८३ साली स्वित्झर्लंडमध्ये हे तपासलं गेलं होतं: निरोगी हिरड्यांच्या माणसांच्या दातांत मुद्दाम बाहेर आलेल्या कडेचं फिलिंग बसवलं तर काही आठवड्यांत त्या दाताखालचे जंतू पायरियाच्या जंतूंसारखे होत गेले, आणि नीट कडेचं फिलिंग बसवल्यावर परत निरोगी तोंडासारखे झाले. माणूस तोच, तोंड तेच. त्या बाईंची कॅप मी काढली, मूळ साफ केलं, तात्पुरती प्लास्टिकची कॅप हिरडीच्या वरच ठेवली. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा हिरडीचा जांभळा रंग जाऊन गुलाबी झाला होता आणि सळई घातल्यावर रक्त आलं नाही. त्यांना एकही गोळी दिली नव्हती.

दोन, फट. खालची एखादी दाढ काढून तशीच ठेवली असेल तर वरची हळूहळू खाली उतरते, शेजारचे दात कलतात, मध्ये फट पडते. मग त्या फटीत मटणाचा तंतू, शेंगदाण्याची टरफलं, भडंगाचा चुरमुरा, दर जेवणाला काहीतरी अडकतं. आपल्याकडे मग सेफ्टी पिन निघते, नाहीतर काडी. कृपा करून आईंना पिन वापरू देऊ नका. अडकलेलं निघतं, पण हिरडी फाटते. फटच बुजवायला हवी, दाताचा आकार सुधारून किंवा गेलेली दाढ बसवून. आणि हेही विचारा की आई एकाच बाजूने चावतात का. जी बाजू वापरात नसते तिथे किटण जास्त चढतं.

तीन, मुळांचा फाटा. वरच्या दाढेला तीन मुळं. हाड झिजत फाट्यापर्यंत आलं की मुळांच्या मधे एक बोगदा उघडतो. पहिल्या दाढांमधे या बोगद्यांची तोंडं निम्म्याहून अधिक वेळा आमच्या नेहमीच्या साफ करायच्या हत्याराच्या पात्यापेक्षाही अरुंद असतात, हे १९७९ सालीच मोजून ठेवलंय. म्हणजे डॉक्टरने मन लावून सफाई केली तरी तिथे काहीतरी राहतं. अशी दाढ असेल तर हिरडी उघडून, म्हणजे फ्लॅप करून, डोळ्यांनी बघत साफ करावं लागतं. आईंच्या आधीच्या डॉक्टरांनी हयगय केली असं यातून समजू नका. वरवरची सफाई आणि मुळापर्यंतची सफाई ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुधा पहिलंच झालेलं आहे. मुळापर्यंतच्या सफाईला भूल देऊन, तोंडाचा एकेक भाग घेत, दोन-चार बैठका लागतात. पंधरा मिनिटांत झालं असेल तर ती मुळापर्यंतची सफाई नव्हे.

गोळ्यांचं. माझ्या पहिल्या काही वर्षांत मीही सूज दिसली की मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक लिहून द्यायचे. आठवड्यात सूज उतरायची, पेशंट खूश, आणि दोन महिन्यांनी तोच पेशंट दारात. पॉकेटमधले जंतू सुटेसुटे तरंगत नसतात. ते एकमेकांना चिकटून, स्वतःच तयार केलेल्या चिकट आवरणात थरावर थर करून राहतात. अशा थरातल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंच्या कितीतरी पट औषध लागतं, तेवढं रक्तातून तिथे पोचणं शक्य नसतं. वरचे मरतात, खालचे राहतात, आणि पॉकेट तसंच असल्यामुळे पुन्हा भरतं. काही निवडक पेशंटना सफाईच्या जोडीला गोळ्या उपयोगी पडतात, विशेषतः तरुण वयात हाड झपाट्याने जात असेल तर. सफाईऐवजी कधीच नाही. तिसरा कोर्स मेडिकलमधून आणू नका.

हळदीबद्दल विचारलं नाहीये, पण सांगलीत राहून मी ते टाळू शकत नाही. हळद, मीठ, तेल लावून हिरडी चोळतात. हळदीत सूज कमी करणारा गुण आहे आणि हलक्या हाताने चोळलं तर नुकसान नाही. पण ती सहा मिलिमीटर खाली जाणार नाही, किटण काढणार नाही. ती लावून बरं वाटलं म्हणून सफाई सहा महिने लांबवली असं झालं तर मात्र नुकसान आहे.

ब्लड प्रेशरची गोळी कोणती ते पट्टी पाहून सांगा. अम्लोडिपिन असेल तर काही लोकांत हिरडी जाड होऊन दातांवर चढते, पुढच्या दातांच्या मधल्या भागात जास्त. हाड न जाताही पॉकेट खोल होतं, आणि त्यात पुन्हा तेच बिनहवेचं हवामान. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना हिरड्या दाखवा, बदलता आली तर ते बदलतील. गोळी बदलता आली नाही तरी थर काढत राहिलं तर हिरडीची वाढ बरीच आटोक्यात राहते.

‘बॉर्डरवर’ या शब्दावर राहू नका. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, करून घ्या. साखर वाढलेली असली की पॉकेटमधल्या द्रवातही ती वाढते, सूज भडकते आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट दिशेनेही हे खरं आहे: डायबेटिस असलेल्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा टक्क्यातला आकडा सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो असं अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून दिसलंय. एका जादा गोळीइतका हा फरक असू शकतो.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, कदाचित माहीत नसेल, कदाचित लिहायला संकोच वाटला असेल. आई मिश्री लावतात का? आपल्या भागात या वयाच्या बायकांत हे इतकं सर्रास आहे की मी सगळ्यांनाच विचारते, पण मुलगी-सून बाहेर थांबली असताना. समोर विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. तव्यावर भाजलेली तंबाखूच ती. बोटाने हिरडीवर घासली की हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला प्राणवायू कमी पोचतो, आणि आजार असूनही रक्त कमी येतं. म्हणजे जी खूण माणसाला डॉक्टरकडे आणते तीच पुसली जाते. मिश्री सोडल्यावर काही आठवडे रक्त जास्त येऊ शकतं, तेव्हा बायका घाबरतात आणि ‘मिश्रीनेच हिरडी घट्ट होती’ म्हणून परत सुरू करतात. हे आईंना आधीच सांगून ठेवा. त्यांना रागवू नका, सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं त्या मनापासून मानत असतील, तीस-तीस वर्षांची सवय असते.

वडिलांना काही का नाही? जागेइतकाच शरीराचाही यात हात असतो. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांचा १९७० पासून पंधरा वर्षं मागोवा घेतला होता. दातांचे उपचार कोणालाच मिळत नव्हते, थर आणि किटण सगळ्यांनाच भरपूर. तरीही सुमारे आठ टक्क्यांचं हाड झपाट्याने गेलं, बहुतेकांचं मध्यम गतीने, आणि अकरा टक्के लोकांचं हिरडीच्या सुजेपलीकडे गेलंच नाही. आईंची प्रकृती वडिलांसारखी नसेल, यात त्यांचा दोष नाही. प्रकृती बदलता येत नाही, जागा बदलता येते.

आता करायचं काय. प्रत्येक दाताची खोली मोजून तो कागद मागून घ्या, आणि मुळं दिसतील असे एक्स-रे काढा. त्या दाढेवरच्या कॅपची कड तपासायला सांगा. मग मुळापर्यंतची सफाई. घरी मऊ ब्रश, केस तिरके हिरडीच्या कडेकडे करून, आणि दातांमधल्या फटींसाठी बाटली साफ करायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश. फटीच्या मापाचा घ्या, सैल जाणारा उपयोगाचा नाही आणि दाबून घालावा लागणाराही नाही. रात्रीचं घासणं अजिबात चुकवू नका, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल, येऊ द्या. सफाईनंतर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा खोली मोजायची. जिथे अजून पाच-सहा मिलिमीटर आणि रक्त आहे, तिथेच फ्लॅपचा विचार. पुढे पहिली एक-दोन वर्षं दर तीन महिन्यांनी सफाई, कारण नीट केलेल्या पॉकेटमध्येसुद्धा वरचा थर साचू दिला तर काही आठवड्यांत जुनी वस्ती परतते. दोन-तीन महिने बरे आणि मग तेच, असं तुम्ही लिहिलंय, ते याच हिशोबात बसतं.

खालचे दोन हलणारे दात कोणी आत्ताच काढायला सांगितले तर थांबा. सुजेमुळे हलणारा दात आणि हाड संपल्यामुळे हलणारा दात सुरुवातीला सारखाच वाटतो. सूज उतरली की बरेच दात घट्ट होतात. उरलेलं हलणं खाताना त्रास देत असेल तर आतल्या बाजूने बारीक तार किंवा फायबर लावून सुळ्यापासून सुळ्यापर्यंत एकत्र बांधता येतात, फक्त त्या तारेखाली छोटा ब्रश घालायला आईंना शिकवावं लागेल. ते आम्ही आरसा हातात देऊन, त्यांच्याच हाताने दोन-तीनदा करून घेतो.